मौजेची मोटारसायकल आणि रिकाम्या खाटांचे गणित

सप्टेंबर २०२४ मध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने भावी महामारीच्या तयारीविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. साथ उद्भवल्यानंतरच्या पहिल्या १०० दिवसांत कोणी काय करायचे, याचा आराखडा त्यात आहे. सार्वजनिक आरोग्याच्या आणीबाणीसाठी स्वतंत्र कायदा असावा, अशी शिफारसही आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी महामारी करार स्वीकारला. या साऱ्या चर्चेत लसी, प्रयोगशाळा आणि जनुकीय देखरेख यांना मोठे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोट्यवधी भारतीयांना रोज सकाळी पडलेला प्रश्न याहून साधा होता. आज घराबाहेर पडावे का? आणि कामासाठी नव्हे, केवळ आनंदासाठी पडावे का?

या प्रश्नाची कसोटी पाहण्यासाठी मौजेसाठी मोटारसायकल काढणारा माणूस हे उत्तम उदाहरण आहे. चित्रपटगृहात जाणाऱ्याला किंवा लग्नात जेवायला बसणाऱ्याला दोष देणे सोपे असते. दुचाकीस्वार मात्र एकटा असतो, उघड्या हवेत असतो आणि त्याच्या तोंडावर हेल्मेटची काच असते. महामारीच्या काळातील एखादी मौज निरुपद्रवी ठरणारच असेल, तर तो मान या स्वारीलाच मिळायला हवा.

त्या काळात या विषयावर दोन गट पडले होते. एक म्हणे, "मोकळ्या रस्त्यावर एकट्याने फिरण्यात कोणाचे काय बिघडते?" दुसरा म्हणे, "माणसे मरत असताना फिरायला जाणे सुचतेच कसे?" पहिल्या गटाने हिशोब फक्त स्वतःच्या जिवाचा मांडला. दुसऱ्याने हिशोब मांडलाच नाही. उत्तर शोधायचे तर धोका नेमका कोठे आहे, हे आधी पाहायला हवे.

पहिल्या गटाच्या बाजूने भौतिकशास्त्र बरेच काही सांगते. बोलताना, खोकताना तोंडातून निरनिराळ्या आकारांचे थेंब बाहेर पडतात. १०० मायक्रॉन व्यासाचा थेंब दीड मीटर उंचीवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर पडतो. ५ मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत तेवढेच अंतर पडायला सुमारे अर्धा तास लागतो, कारण अतिसूक्ष्म कणाचा पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. बंद खोलीत असे कण साचत जातात. उघड्यावर वारा त्यांना काही क्षणांत विरळ करून टाकतो. हवेतून होणाऱ्या संसर्गाची दखल घ्या, असे आवाहन जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने प्रसिद्ध झाले, त्यामागे हाच विचार होता. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराभोवतीची हवा दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर मागे पडते. त्या आसनावर बसून त्याने कोणाला विषाणू देण्याची किंवा कोणाकडून घेण्याची शक्यता नगण्य म्हणावी इतकी कमी आहे.

पण स्वारी म्हणजे केवळ आसनावरचा वेळ नव्हे. वाटेत पेट्रोलपंप येतो, चहाची टपरी येते, ढाबा येतो. पंक्चर झाले तर दुकानात तासभर बसावे लागते. लांबच्या प्रवासात मुक्कामाची खोली येते आणि संध्याकाळी एकत्र जमलेले सोबती येतात. गाडीवर कोणीच आजारी पडत नाही. आजार गाडीवरून उतरल्यावर गाठतो.

याचा मोठा दाखला अमेरिकेत मिळाला. दक्षिण डकोटा राज्यातील स्टर्जिस या सुमारे सात हजार वस्तीच्या गावी दरवर्षी मोटारसायकलस्वारांचा मेळा भरतो. ऑगस्ट २०२० मध्येही तो भरला आणि दहा दिवसांत तेथे साडेचार लाखांहून अधिक वाहनांची नोंद झाली. पुढे दोन आकडे चर्चेत आले. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने मोबाइल फोनच्या हालचालींच्या माहितीवरून अंदाज केला की या मेळ्यामुळे देशभरात सुमारे २ लाख ६६ हजार जणांना लागण झाली. शेजारच्या मिनेसोटा राज्याने प्रत्यक्ष रुग्णांचा माग काढला, तेव्हा त्या एका राज्यात मेळ्याशी जोडलेले ८६ रुग्ण सापडले. त्यांपैकी ५१ जण मेळ्याला जाऊन आलेले होते आणि उरलेल्यांना त्यांच्यापासून लागण झाली होती. पहिल्या आकड्यावर साथरोगतज्ज्ञांनी कडक टीका केली, कारण त्यामागची गृहीतके फार ताणलेली होती. दुसरा आकडा खात्रीचा असला तरी अपुरा आहे, कारण ज्याची चाचणीच झाली नाही तो त्यात येत नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या दोन आकड्यांकडे जरूर पाहावे. एक प्रतिमानातून आलेला वरचा अंदाज आहे, दुसरा मोजणीतून आलेला तळाचा. सत्य या दोन्हींच्या मधे कोठेतरी आहे. आणि वादात उतरलेल्या प्रत्येक गटाने आपल्या सोयीचा आकडा उचलला. दोन्ही आकड्यांतून निघणारा एक निष्कर्ष मात्र वादातीत आहे. मिनेसोटातील सुमारे एक तृतीयांश काउंटींमध्ये या मेळ्याचा किमान एक रुग्ण निघाला. गर्दी एका गावात झाली, पण तिचे धागे शेकडो किलोमीटरवर पोहोचले.

हे धागे समजून घेण्यासाठी डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्स यांनी १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलेले जाळ्याचे प्रतिमान उपयोगी पडते. त्यातील कल्पना सोप्या रूपात अशी. १,००० माणसे वर्तुळात उभी आहेत आणि प्रत्येकाचा संबंध फक्त दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी आहे. निरोप समोरच्या टोकाला पोहोचायला ५०० टप्पे लागतील. आता वर्तुळाच्या आरपार केवळ पाच-दहा आडवे दुवे टाकले, तर हे अंतर कित्येक पटींनी घटते. संबंधांची एकूण संख्या जवळपास तेवढीच राहते, तरी जाळ्याचे स्वरूप पालटते. साथीच्या बाबतीतही हेच होते. आपल्याच गल्लीत वाणसामान आणायला दहा वेळा जाणारा माणूस शेजाऱ्यांच्या साखळीत राहतो. दिल्लीहून निघून चार दिवसांत काझाला पोहोचणारा स्वार हा आडवा दुवा असतो, मग वाटेत तो कितीही एकटा असो.

काझाच्या लोकांना हे गणित कोणी शिकवले नव्हते, पण ते त्यांना नेमके समजले होते. हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,८०० चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अवघी ३१,५६४. दर चौरस किलोमीटरला दोन माणसे. इतकी विरळ वस्ती सुरक्षित असेल असे दुरून वाटते. तेथील अत्यवस्थ रुग्णाला मोठ्या इस्पितळात न्यायचे म्हणजे घाटातून, नदीकाठच्या अरुंद रस्त्याने कित्येक तासांचा प्रवास. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद झाल्यावर त्यातला एक मार्गही उरत नाही. म्हणून २०२० मध्ये स्पितीतील लोकांनी पर्यटन हेच उत्पन्नाचे मोठे साधन असूनही पर्यटकांना दारे बंद केली. त्या जूनमध्ये काझाच्या महिलांनी राज्यातील एका मंत्र्यांची गाडी अडवली. बाहेरून येणाऱ्याने विलगीकरणात राहण्याचा नियम सर्वांना सारखा लागू व्हावा, एवढीच त्यांची मागणी होती. या महिलांवर पुढे गुन्हे दाखल झाले. शास्त्रीयदृष्ट्या मात्र त्या दिवशी त्या रस्त्यावर सर्वांत सुजाण भूमिका त्यांचीच होती.

याच जिल्ह्याच्या लाहौल भागात नोव्हेंबर २०२० मध्ये थोरंग नावाच्या लहानशा गावात चाचण्या झाल्या. गावात त्या वेळी राहणाऱ्या ४२ जणांपैकी ४१ जणांना लागण झालेली आढळली. महिनाभरापूर्वीच अटल बोगदा खुला झाला होता आणि पर्यटकांचा ओघ वाढला होता. तरीही याचे खापर थेट पर्यटकांवर फोडणे योग्य नाही. गावातील एका धार्मिक कार्यक्रमातून संसर्ग पसरला असावा, असे तेव्हा सांगितले गेले. विषाणू गावात कोणी आणला हे गौण आहे. तो एकदा आला की अशा गावात किती वेगाने फिरतो, हे या ४१ जणांनी दाखवले.

लडाखमध्ये आणखी एक अडचण आहे. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवेत प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. नुकत्याच पोहोचलेल्या निरोगी प्रवाशाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा ९० च्या खालीही दिसू शकतो. मैदानी प्रदेशात ९४ च्या खालचा आकडा हा कोविडच्या रुग्णासाठी धोक्याचा इशारा मानला जात होता. धाप लागणे, डोके दुखणे, थकवा ही लक्षणे विरळ हवेच्या त्रासाचीही आहेत आणि कोविडचीही. सहज म्हणून खारदुंग ला चढून गेलेला प्रवासी खाली येऊन दवाखान्यात बसला की डॉक्टरांपुढे दोन आजारांचे कोडे उभे राहते, आणि ते सोडवण्याची साधने तेथे मोजकीच असतात.

आता खाटांकडे वळू. मोटारसायकल आणि महामारी यांची खरी गाठ येथेच पडते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार देशात २०१९ मध्ये ४,४९,००२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,५१,११३ माणसे दगावली. २०२० मध्ये देश काही काळ पूर्ण थांबला होता. अपघात ३,६६,१३८ वर आले आणि मृत्यू १,३१,७१४ वर. दोन्ही आकडे घटले, पण सारखे घटले नाहीत. दर १०० अपघातांमागे २०१९ मध्ये सुमारे ३३.७ मृत्यू होते, ते २०२० मध्ये ३६ झाले. अपघात कमी झाले, पण जे झाले ते अधिक घातक ठरले. मोकळ्या रस्त्यावर वाढलेला वेग हे याचे एक संभाव्य कारण आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळली, तर सोसावी लागणारी ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोन पट असते. मृतांमध्ये दुचाकीस्वारांचा वाटा २०१९ मध्ये सुमारे ३७ टक्के होता. २०२० मध्ये तो ४० टक्क्यांपलीकडे गेला. हे सारे मौजेसाठी निघाले होते असे मुळीच नाही. लोकल आणि बस बंद असल्याने कितीतरी जणांना कामासाठी दुचाकीच काढावी लागली. रस्ता रिकामा आहे म्हणून तो सुरक्षित आहे, हा समज मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

अपघात झाला की खाट लागते, रक्त लागते, भूलतज्ज्ञ लागतो, कधी कृत्रिम श्वसनयंत्र लागते. या गोष्टींची टंचाई सरळ रेषेत वाढत नाही. रांगांच्या गणितातील एक प्राथमिक निष्कर्ष असा: सेवा देणारी यंत्रणा ५० टक्के व्यग्र असताना नव्याने येणाऱ्याला सरासरी जितके थांबावे लागते, ते एक एकक मानू. यंत्रणा ९० टक्के व्यग्र झाली की हा काळ ९ एकके होतो. ९५ टक्क्यांना १९, आणि ९९ टक्क्यांना ९९. इस्पितळात एकच रांग नसते. अनेक खाटा असल्याने हा चढ थोडा उशिरा लागतो. पण क्षमता भरत आली की तो तसाच उभा होतो.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. तोच स्वार, तीच गाडी, तोच घाट आणि अपघाताची तीच शक्यता. खाटा निम्म्या रिकाम्या असतील, तर त्याच्या मोडलेल्या मांडीचा भार व्यवस्थेला जाणवतही नाही. एप्रिल आणि मे २०२१ मध्ये देशात एका दिवसाला ४ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जात होते, वैद्यकीय प्राणवायूची रोजची गरज सुमारे ९,००० टनांवर गेली होती आणि माणसे इस्पितळाच्या दारात रिक्षात बसून श्वासासाठी झगडत होती. त्या आठवड्यात त्याच मोडलेल्या मांडीसाठी दुसऱ्या कोणाची तरी खाट जात होती. स्वाराच्या जिवाचा धोका दोन्ही वेळी सारखाच. इतरांवर पडणारा भार मात्र शंभर पटींनी निराळा. "मी माझ्या जबाबदारीवर जातो" या वाक्यात हा दुसरा हिशोब मावत नाही.

मग सरसकट बंदी हेच उत्तर आहे का? तसेही नाही. भारतात १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधारे २०२० ची टाळेबंदी राबवली गेली, आणि रस्त्यावरच्या पोलिसापुढे प्रत्येकाला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले: कशासाठी निघालात? कारण पुरेसे गंभीर वाटले तर वाट मोकळी, नाहीतर दंडुका. पण विषाणू कारण विचारत नाही. कामासाठी भरलेल्या बंद दालनात आठ तास बसणे हे रिकाम्या रस्त्यावर एकट्याने दोन तास गाडी चालवण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे असते, तरी पहिले 'आवश्यक' ठरते आणि दुसरे 'बेजबाबदार'. ही वर्गवारी नैतिक आहे, शास्त्रीय नव्हे.

शिवाय आनंदाला किंमत नसते असेही नाही. महिनोन्‌महिने चार भिंतींत राहिलेल्या माणसाला मोकळ्या हवेची गरज असते, आणि ती चैन नाही. पर्यटकांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या होमस्टेवाल्याचा, ढाबेवाल्याचा, गाडी दुरुस्त करणाऱ्याचा संसार याच मौजेवर चालतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि लंडनचे इम्पीरियल कॉलेज यांच्या संशोधकांनी 'जर्नल ऑफ ट्रॅव्हल मेडिसिन'मध्ये भारतातील प्रवासाविषयी एक लेख लिहिला. हिमाचलसारख्या लहान राज्यात पर्यटकांमुळे घनता अचानक वाढली, तर लाटेचे शिखर अधिक उंच होऊ शकते आणि लवकर येऊ शकते, असे त्यांच्या प्रतिमानात दिसले. तरी त्यांचा भर जबाबदारीने प्रवास करण्यावर होता.

तेव्हा काम आणि मौज यांतला खरा फरक योग्य-अयोग्यतेचा नसून लांबणीवर टाकता येण्याचा आहे. परिचारिकेची पाळी उद्यावर ढकलता येत नाही. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्याचा आजचा रोज उद्या मिळत नाही. डोंगर मात्र पुढच्या वर्षीही तेथेच असतो. मौजेचा हक्क कमी प्रतीचा आहे म्हणून ती थांबवायची नाही. सर्वांत कमी नुकसान सोसून थांबवता येणारी गोष्ट तीच आहे, म्हणून व्यवस्था काठोकाठ भरली असताना तिने आधी बाजूला व्हावे. आणि व्यवस्था मोकळी होताच सर्वांत आधी परतही यावे.

यातून निघणारे उत्तर असे:

१. जिल्ह्यातील अतिदक्षता विभाग आणि प्राणवायूच्या खाटा भरल्या असतील, तर मौजेची स्वारी नको. एकट्याने नको, पहाटे नको, जवळही नको. येथे प्रश्न संसर्गाचा नसून अपघाताचा आहे.

२. खाटा मोकळ्या असतील, तर आपल्याच जिल्ह्यात, एकट्याने किंवा घरातल्याच माणसासोबत, त्याच दिवशी परतण्याच्या बेताने निघायला हरकत नाही. चहा थर्मासमध्ये, डबा सोबत, पेट्रोल आदल्या दिवशी भरलेले, वेग नेहमीपेक्षा कमी.

३. लाहौल, स्पिती, लडाख यांसारख्या दुर्गम भागांचा निर्णय तेथील लोकांनी घ्यावा. त्यांनी बोलावले तर जावे, नको म्हटले तर त्यांच्या 'नको'ला परवान्याहून अधिक मान द्यावा.

४. झुंडीने जाणे साथ ओसरेपर्यंत टाळावे. स्टर्जिसला साथ पसरली ती एकट्या स्वारामुळे नव्हे, मेळ्यामुळे.

हे नियम पाळायचे तर नागरिकाला एक आकडा रोज ठाऊक असायला हवा: आपल्या जिल्ह्यात आज किती खाटा रिकाम्या आहेत? हे अशक्य नाही. दिल्ली सरकारने जून २०२० मध्ये इस्पितळनिहाय रिकाम्या खाटा दाखवणारे मोबाइल अॅप सुरू केले होते. अशी माहिती प्रत्येक जिल्ह्यासाठी, खरी आणि वेळेवर मिळायला हवी. आणीबाणीचा नवा कायदा लिहिला जाईल, तेव्हा निर्बंध माणसाच्या हेतूशी न जोडता या आकड्याशी जोडावेत. खाटा अमुक टक्क्यांपलीकडे भरल्या की लांबणीवर टाकता येणाऱ्या गोष्टी थांबतील, खाली आल्या की सुरू होतील, हे आधीच जाहीर असावे. मग चौकातल्या पोलिसाला कारण विचारावे लागणार नाही, आणि नागरिकाला खोटे कारण सांगावे लागणार नाही.

जुलै २०२१ मध्ये मनाली आणि मसुरीतील गर्दीची छायाचित्रे देशभर फिरली आणि लोकांच्या बेफिकिरीवर भरपूर लिहिले गेले. बेफिकिरी होतीच. पण आज जावे की थांबावे, हे ठरवण्याचे कोणते साधन त्या लोकांच्या हाती दिले होते, हे फारसे कोणी विचारले नाही. पुढची साथ कधी येईल हे सांगता येत नाही. ती येईल तेव्हा गाडीची किल्ली हाती घेतलेल्या प्रत्येकाला आपल्या जिल्ह्यातील रिकाम्या खाटांचा आकडा एका नजरेत दिसावा, एवढी तयारी तरी पहिल्या १०० दिवसांच्या यादीत असायला हवी.